लग्नापुरता क्लच

मी एक जुना पिकअप आहे. मित्रांनो, माणसाला देवानं पाय दिले, आणि ते कमी पडले म्हणून आम्हा गाड्यांना जन्म मिळाला. गती हा आमचा धर्म आणि रस्ता हेच आमचं घर. एवढं सांगून झाल्यावर हेही सांगितलं पाहिजे, की माझं बरंचसं आयुष्य क्रांती चौकातल्या सिग्नलला उभं राहण्यात गेलं, आणि मधला एक हंगाम एका गॅरेजात, जॅकवर, पोट उघडं टाकून.

जुना म्हणजे वय वर्षं सात. माणसाच्या लेकराचे या वयात दुधाचे दात पडतात. आमच्यात या वयात गिऱ्हाईक येऊन टायरवर लाथ मारून बघतं. मी आलो तेव्हा या शहराचं नाव औरंगाबाद होतं, आता छत्रपती संभाजीनगर आहे. माझ्या पाटीवर दोन्ही वेळा एमएच वीसच राहिलं. पुढं मी आतून पार बदललो, तेव्हाही पाटी तीच राहिली. त्याचीच ही हकीकत आहे.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. आम्हा सगळ्या भावंडांच्या पोटात गिअरची एकेक पेटी होती. पण त्यांच्या पेट्यांना प्रत्येक वेळी सांगावं लागे, आता दुसरा, आता तिसरा, आता पुन्हा दुसरा. माझी पेटी स्वतःच ठरवायची. दांड्याशेजारी पी, आर, एन, डी अशी चार अक्षरं होती. पी म्हणजे गाडी उभी, डी म्हणजे चालू. चालवणाऱ्यानं दांडा डीवर ओढायचा आणि उजव्या पायानं हलकेच दाबायचं. डाव्या पायाला माझ्यात काहीच काम नव्हतं. मित्रांनो, हा डावा पाय लक्षात ठेवा. पुढं जे काही झालं ते त्याच्यामुळं झालं.

मला घरी आणलं ते पिशोरच्या बद्रीनाथनं. बद्रीनाथ वाळूजच्या एका कंपनीत खरेदी खात्यात नोकरीला आहे. गावाकडं वडिलांची, म्हणजे तात्यासाहेबांची, अद्रकाची आणि मक्याची शेती. आठवडाभर तो शहरात, सुट्टीला पिशोरात. लहानपणी तापात त्याचा डावा पाय वाळला होता. डोकं जागेवर, शिक्षण झालेलं, नोकरी पक्की. तो एक पाय तेवढा हुकमाबाहेर. त्यामुळं तिशी उलटेपर्यंत तो कायम कुणाच्या तरी मागं किंवा शेजारी बसत आला. तुम्ही कधी निघणार, माझ्यासाठी थांबाल का, मला फाट्यावर सोडाल का, हे रोज विचारून माणूस किती थकतो ते गाडी चालवणाऱ्याला कळत नाही.

पहिल्यांदा एकट्यानं मला चालवत तो पिशोरला आला, तो दिवस मला आठवतो. तात्यासाहेब ओट्यावर बसले होते. उठून पुढं आले.

"कोणी आणली रे?"

"मीच."

तात्यासाहेबांनी वळसा घालून पलीकडचं दार उघडून पाहिलं. मग मागच्या हौद्यात वाकून पाहिलं.

"आन् डायवर कुठं उतरला?"

"तात्या, डायवर नाय. मीच चालवत आणली. शहरापसून."

तात्यासाहेब परत जाऊन ओट्यावर बसले आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. आतून मनकर्णाबाई, म्हणजे बद्रीनाथची माय, भाकरीचा तुकडा घेऊन धावत आल्या. आधी लेकाला ओवाळायचं की आधी गाडीला, यात थोडा गोंधळ झाला. शेवटी तो तुकडा दोघांवरून एकदमच फिरला. मला कुंकू लागलं. त्यातलं थोडं पुसलं जाऊन बद्रीनाथच्या शर्टाला लागलं आणि त्यानं तो शर्ट दिवसभर बदलला नाही.

मग कामाची वर्षं आली. अद्रकाच्या गोण्या शहरात नेल्या, मक्याची पोती सिल्लोडच्या बाजारात नेली. गावातल्या बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. पूर्वी ज्यांना बद्रीनाथ विचारायचा, "तुम्ही कधी निघणार?" ते आता त्याला विचारू लागले. तो प्रत्येकाला थांबून घ्यायचा. जागा नसली तरी घ्यायचा. माझ्या मागच्या स्प्रिंगांचे पाटे त्याच काळात बसले, पण माझी तक्रार नव्हती.

तक्रार गावाची होती. शेजारच्यांचा ट्रॅक्टर चालवणारा सांडू एक दिवस पारावर सगळ्यांसमोर माझ्यात डोकावला.

"बद्रीभाऊ, हिला क्लच कुठंय?"

"नाय क्लच."

"आन् गिअर?"

"ती तिचे तिचेच टाकती."

"म्हंजे तुमी नुसतं बसायचं? लई भारी! ही तर मोठी स्कुटीच झाली की हो!"

पार हसला. बद्रीनाथही हसला. तात्यासाहेब हसले नाहीत. घरी येऊन त्यांनी माझ्या त्या चार अक्षरांवर पंचा टाकला आणि तो तसाच राहू दिला.

अशात सिल्लोडचं स्थळ आलं. ते आणलं नानासाहेबांनी. नानासाहेब म्हणजे तात्यासाहेबांचे धाकटे भाऊ. तालुक्यातली निम्मी लग्नं आपणच जमवली असं ते सांगतात. त्यातली किती टिकली ते सांगत नाहीत. मुलीचे वडील कडूबा पाटील सिल्लोडला मक्याचे व्यापारी. मुलगी अंबिका फार्मसी शिकलेली. बद्रीनाथची याआधीची तीन स्थळं पायापाशी येऊन थांबली होती, म्हणून घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. बैठक माझ्याच सावलीत भरली.

"पायाचं सांगितलं ना भावजी त्यांना?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"सांगितलंय की. थोडा अधू हाय म्हणलं."

"थोडा म्हंजे किती?"

"थोडा म्हंजे थोडा. वहिनी, पाय पँटीत झाकतो. पण ही गाडी कशात झाकायची? आपण हिच्यात बसून सिल्लोडला जाणार. लोकं आत बघणार. क्लच का नाय म्हणून इचारणार. आन् मग गाडी सरळ पायावर."

तात्यासाहेबांनी माझ्याकडं पाहिलं. एखाद्या सोयऱ्यानं ऐन वेळी फाटकं धोतर नेसून यावं तसं पाहिलं.

"मग करावं काय?"

"क्लच बसवायचा. गिअर टाकून घ्यायचे. रीतसर गाडी करायची."

"आन् मी चालवू कशी?" बद्रीनाथ म्हणाला.

"सांडू चालवील की. लग्नापुरतंच हाय रे. लग्न झालं की काढून टाकू."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी तिथंच बोललो असतो. गिअरची पेटी म्हणजे मुंडावळी नव्हे, बोहल्यावर बांधायची आणि घरी आल्यावर सोडून खुंटीला टांगायची. पण बद्रीनाथला तोंड होतं आणि तोही बोलला नाही. तो दमला होता. चौथं स्थळ मोडलं तर कारण गाडीचं निघेल की पायाचं, एवढाच हिशेब त्यानं मनाशी केला असावा. "करा," तो म्हणाला, आणि किल्ली तात्यासाहेबांच्या हातात दिली.

शहरात वजीर उस्तादांचं गॅरेज आहे. उस्तादांनी मला खालून पाहिलं, वरून पाहिलं, आणि मग तात्यासाहेबांना पाहिलं.

"तात्या, दुनिया क्लच निकालने कू आती मेरे पास. तुम डालने कू आये?"

"व्हईल का नाय तेवढं सांगा."

"होने कू क्या नै होता? बोले तो हवाई जहाज में बी डाल देतुं. आठ दिन में ले जाव."

हे गणपती बसायच्या आधीचं बोलणं. गणपती उठले. माझी पेटी खाली उतरली. तेलाचा एक लालसर ओघळ फरशीवर पसरला आणि कुणीतरी त्यावर लाकडाचा भुसा टाकला. पैठण रस्त्यावर उलटलेल्या माझ्याच घराण्यातल्या एका पिकअपची पेटी आणून माझ्या पोटात धरून बघितली. ती बसेना. मग माझं पोट कापलं. माझा ब्रेकचा पेडल ऐसपैस होता, कारण त्याला शेजार नव्हता. तो कापून अरुंद केला आणि शेजारी क्लच जोडला. चाकांकडं जाणारा लांब दांडा लेथवर जाऊन आखूड होऊन आला. दसऱ्याला गॅरेजातल्या सगळ्या गाड्यांना हार घातले. माझं बॉनेट काढून ठेवलेलं होतं, म्हणून माझा हार जॅकला घातला.

सगळ्यात अडलं ते माझ्या मेंदूपाशी. हल्लीच्या गाड्यांना मेंदू असतो. पोटातली जुनी पेटी गेल्याचं त्याला पटेना. जोवर ती पेटी 'मी पीवर आहे' असं सांगत नाही, तोवर तो इंजिन सुरू होऊ देईना. वायरमन म्हणाला, मेंदूही बदलावा लागेल. उस्ताद म्हणाले, "क्या जरूरत? दो तारां जोड दे. उसकू बोल, गाडी पी में है. वो खुश, अपन खुश."

दोन तारा जोडल्या आणि मी सुरू झालो. तेव्हापासून माझ्या मीटरच्या पडद्यावर कायम पी दिसतो. घाट चढताना पी, उतरताना पी. माझ्या डोक्याच्या मते मी त्या दिवसापासून जागचा हललेलो नाही. कधीकधी मलाही तसंच वाटतं.

बद्रीनाथनं फोनवर वडिलांना एकच गोष्ट विचारली. "जुनी पेटी कुठंय?"

"हाय की उस्तादापाशी. जपून ठिवलीय."

मी गॅरेजात होतो तोवर बद्रीनाथ पुन्हा फाट्यावर उभा राहू लागला. काळी-पिवळी जीपमध्ये जागा नसली की तो मागं सरायचा. मी परत आलो तेव्हा त्यानं माझं दार उघडलं, तीन पेडल पाहिले, त्यातल्या डावीकडच्यावर हातानं जोर देऊन पाहिला, आणि दार लावून पलीकडून जाऊन बसला. चालवायला सांडू आला. पूर्वी मी गिअर कधी बदलायचो ते मलाही कळत नसे. आता सांडूनं गिअर टाकला की अख्ख्या शिवाराला कळायचं.

मुलगी पाहायला आम्ही सिल्लोडला गेलो. सांडूनं मला कडूबा पाटलांच्या अंगणातल्या लिंबाखाली उभं केलं आणि किल्ली तशीच ठेवून रेडिओ लावला. कडूबा पाटील पायरी उतरून आले. सांडूकडं पाहिलं, मग डावीकडून उतरणाऱ्या बद्रीनाथकडं पाहिलं.

"पाव्हणे, डायवर ठिवला का?"

तात्यासाहेबांचा चेहरा उजळला. हाच प्रश्न त्यांना हवा होता. "गिअरची गाडी हाय ना, पाटील! पाच गिअर. ह्ये बघा की, आत क्लच हाय."

कडूबा पाटलांनी क्लच पाहिला नाही. त्यांचं तोंड जरा उतरलं.

"म्हंजे आता तुमी चालवत नाय?" त्यांनी बद्रीनाथला विचारलं.

"नाय."

"आसं." पाटलांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. "मागल्या साली आमच्या आडतीवर मका घेऊन यायचात तुमी. एकटेच. मी गल्ल्यावरून बघायचो. पायाला तरास, तरी पोरगं कुणावर अवलंबून नाय. घरी म्हणलंसुद्धा. म्हणून तर नानासाहेबांना निरोप धाडला."

नानासाहेब लिंबाच्या शेंड्याकडं बघू लागले. तात्यासाहेबांचा हात माझ्या दारावर होता, तो त्यांनी काढून घेतला. आतून पोहे आले म्हणून सगळे बैठकीत गेले. पोहे खाल्ल्याचा आवाज बाहेर येत होता, बोलल्याचा येत नव्हता.

मग, मुला-मुलीला दोन शब्द बोलू द्या, असं कुणीतरी म्हणालं. सावली माझ्याजवळच होती, त्यामुळं ते दोघं माझ्याजवळ आले. सांडू रेडिओ चालू ठेवून पाणी प्यायला गेला होता. अंबिकानं उघड्या दारातून आत पाहिलं.

"ही उभी आहे तर पी दिसतोय, ते ठीक. पण गिअरच्या गाडीला पी कशाला असेल?" ती म्हणाली. "आधी ऑटोमॅटिक होती का?"

बद्रीनाथनं माझ्या बॉनेटवर हात ठेवला. "होती."

"मग?"

"बदलली."

"का?"

त्यानं रेडिओवरची जाहिरात पूर्ण होऊ दिली.

"तुम्हाला पाय दिसू नये म्हणून," तो म्हणाला.

अंबिकानं त्याच्या पायाकडं पाहिलं. लपूनछपून नव्हे, सरळ पाहिलं.

"पण तुम्ही चालत आलात ना आत. दिसला की."

बद्रीनाथ हसला. पारावर हसला होता तसं नाही. त्याच्या हाताखाली माझं बॉनेट हललं.

"हिला पुन्हा पहिल्यासारखी करून या," ती म्हणाली. "येताना तुम्ही चालवत या. मग माझं उत्तर सांगते. आणि मलाही शिकवा. ह्या सांडूभाऊंसारखं नाही हं. केवढा आवाज करतात!"

परतीच्या वाटेवर गिअर तेवढे बोलत होते. दुसऱ्या दिवशी सगळे वजीर उस्तादांच्या दारात. बद्रीनाथनं जुनी पेटी मागितली.

उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. "कौनसी पेटी?"

"आमचीच. जपून ठेवलेली."

"वो तो तुमारे वालिद नेच मजुरी के बदले में दे डाली ना. उसी दिन. मैंने आगे दे दी, जालने वाले कू."

गॅरेजातल्या कॉम्प्रेसरचा आवाज चालू होता. बद्रीनाथ वडिलांकडं वळला.

"तात्या, तुम्ही जपून ठेवलीय म्हणलात."

तात्यासाहेब टोपी काढून आत काहीतरी शोधल्यासारखं करू लागले. "मला वाटलं, आता काय लागणार नाय."

"कोणाला लागणार नाय?"

तात्यासाहेबांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. बद्रीनाथनं दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी सात वर्षांत बरेच धक्के खाल्ले आहेत, मित्रांनो. त्या दिवशी मी जागेवर उभा होतो, तरी बसला. थोड्या वेळानं तात्यासाहेब उस्तादांकडं वळले. पिशोरात माणसं त्यांच्या पाया पडतात. त्यांनी उस्तादांपुढं हात जोडले.

"माझं चुकलं. काय बी करा, पण पोराला गाडी चालवू द्या."

"अरे तात्या, हात कायकू जोडते?" उस्ताद गोंधळले. "चलाने काच है ना? तो हाथ का क्लच लगा देतुं. गिअर के डंडे पे मूठ, सायकल के ब्रेक सरीकी. मूठ दबाये, क्लच दब्या. पाँव का कामच नै."

"हे तुमी आधी का नाय सांगितलं?" नानासाहेब ओरडले.

"तुम पूछे किधर? तुम बोले लोगां कू दिखने के वास्ते क्लच होना. मैंने दिखने के वास्ते लगाया."

मूठ बसवायला एक दुपार लागली.

बद्रीनाथ मला पुन्हा शिकला. डाव्या हातानं मूठ दाबायची, त्याच हातानं दांडा सारायचा, मूठ सोडायची, तीही अलगद. सोपं नव्हतं. मुठीच्या या सगळ्या कसरतीनंतर तो एकटाच मला घेऊन सिल्लोडला निघाला. कडूबा पाटलांच्या दारात चढ आहे. चढावर मी बंद पडलो. माझ्या जुन्या पेटीच्या काळात मी कधी कुणाच्या दारात बंद पडलो नव्हतो. त्यानं पुन्हा सुरू केलं, मी पुन्हा बंद पडलो. मागं एक कापसाचा टेम्पो हॉर्न वाजवत उभा राहिला. पाटील पायरीवर, शेजारपाजारचे गच्चीवर. बद्रीनाथच्या कपाळावर घाम आला होता.

अंबिका फाटकाशी आली आणि टेम्पोवाल्याला मोठ्यानं म्हणाली, "थांबा की जरा, दादा! पाहुणे येताहेत." मग बद्रीनाथकडं बघून म्हणाली, "घाई नाही. पुन्हा चालू करा."

त्यानं सुरू केलं. मूठ हळू सोडली. आम्ही आत गेलो.

लग्न झालं. मुंडावळ्या सुटल्या, क्लच राहिला. अंबिका आता सिल्लोडला माहेरी जाताना मला स्वतः चालवते, पायाच्या क्लचवर. बद्रीनाथ चालवतो हाताच्या मुठीवर. घरी कोणी आलं की तात्यासाहेब त्यांना दार उघडून मूठ दाखवतात आणि म्हणतात, "दोन-दोन क्लच हायेत हिला. पंचक्रोशीत नाय कुणाकडं." पंचा केव्हाच निघाला, त्यांनी तो माझी काच पुसायला दिला.

मी आता थकलो आहे. दुसऱ्याची पेटी पोटात घेऊन वावरणं सोपं नाही. थंडीत ती कुरकुरते आणि मी ऐकून घेतो. मित्रांनो, तुम्हाला एवढंच मागणं. गाडीचं तेल वेळेवर बदला, टायरमधली हवा बघत जा. आणि जी गोष्ट कुणाला तरी घरातून एकट्यानं बाहेर नेते, ती दुसऱ्या कुणाला दाखवण्यासाठी कापू नका. कापायचीच झाली, तर ज्याची आहे त्याला आधी विचारा. आम्हाला नाही विचारलं तरी चालेल. आम्हाला सवय आहे.

हे मी तुम्हाला क्रांती चौकातून सांगतो आहे. बद्रीनाथचा हात मुठीवर आहे, अंबिका शेजारी बसून शेंगा सोलते आहे. पडद्यावर पी दिसतो आहे. सिग्नल लाल आहे, त्यामुळं सध्या तो बरोबर आहे.